घटक ७ : नेटवर्क उपकरणावरील वापरकर्ता खाती आणि निर्देशिकेद्वारे ओळख-पडताळणी

७.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला
• ओळख पटवणे आणि अधिकार देणे या दोन क्रियांमधील फरक सांगता येईल.
• उपकरणावरील स्थानिक खाते आणि निर्देशिकेतील खाते यांची तुलना करता येईल.
• निर्देशिकेद्वारे ओळख-पडताळणी कशी होते, हे क्रमाने लिहिता येईल.
• खाते उघडणे, स्थगित करणे आणि बंद करणे यांविषयीचे नियम कार्यालयीन मराठीत मांडता येतील.

७.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, वडिलांच्या निधनानंतर शेतजमिनीवर वारसांची नावे लावण्याचा प्रसंग तुमच्यापैकी अनेकांच्या घरी आला असेल. त्या वेळी काय घडते ते आठवून पाहा. तलाठी फेरफाराची नोंद घेतो. संबंधितांना नोटीस जाते. नंतर मंडळ अधिकारी ती नोंद तपासून प्रमाणित करतो आणि त्यानंतरच सातबारा बदलतो. नोंद घेणारा आणि ती मंजूर करणारा अशी दोन वेगळी माणसे येथे मुद्दाम ठेवलेली आहेत. दोघेही महसूल खात्याचेच कर्मचारी. परंतु एकाचा अधिकार दुसऱ्याला नाही. शिवाय कोणती नोंद कोणी घेतली आणि कोणी मंजूर केली, हे दप्तरावरून पुढे केव्हाही सांगता येते.

आज हेच काम संगणकावर होते. सहीच्या जागी डिजिटल स्वाक्षरी आली आणि दप्तराच्या कपाटाच्या जागी दूरवरचा सर्व्हर आला. मात्र जुन्या व्यवस्थेतले मूळ प्रश्न तसेच राहिले : समोरचा माणूस कोण आहे? त्याला काय करण्याची मुभा आहे? त्याने जे केले त्याचा पुरावा कोठे आहे?

शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायत, दवाखाना, वाचनालय अशा ठिकाणी तुमच्यापैकी अनेक जण नोकरी करतात. तेथे तुमच्या नावाचे एखादे खाते असते. कधी नव्या कर्मचाऱ्यासाठी खाते मागणारे पत्र तुम्हांलाच लिहावे लागते, तर कधी खात्यांच्या वापराविषयीची सूचना मराठीत तयार करण्याचे काम तुमच्याकडे येते. यंत्र आत काय करते हे ठाऊक नसेल, तर अशी सूचना मोघम होते आणि मोघम सूचनेचा दोष पुढे एखाद्या निरपराध माणसाच्या माथी येतो. म्हणून हा विषय उपयोजित मराठीच्या अभ्यासात समाविष्ट केला आहे.

७.२ विषय-विवेचन

विवेचनाच्या सोयीसाठी आपण एक काल्पनिक उदाहरण घेऊ. माजलगाव शहरात एक महाविद्यालय आहे असे समजा. तेथे साठ कर्मचारी आहेत. दर रविवारी तेथेच दूरशिक्षणाचे अभ्यासकेंद्र भरते आणि दिंद्रुड, टाकरवण, गंगामसला अशा गावांहून प्रौढ विद्यार्थी येतात. महाविद्यालयाच्या जाळ्यावर पाच उपकरणे आहेत : बाहेरच्या इंटरनेटपासून संरक्षण करणारी फायरवॉल, वायफायचे नियंत्रक, धारिका साठवणारे सामायिक साठवण-उपकरण, ग्रंथालयाचा सर्व्हर आणि कार्यालयाचा सर्व्हर. जाळ्याला जोडलेल्या आणि एक ठरावीक काम करणाऱ्या अशा यंत्राला आपण या घटकात ‘नेटवर्क उपकरण’ म्हणू.

७.२.१ ओळख आणि अधिकार

वापरकर्ता आपले नाव सांगतो आणि ते आपलेच असल्याचा पुरावा देतो. हा पुरावा तीन प्रकारचा असू शकतो : त्याला ठाऊक असलेली गोष्ट, म्हणजे परवलीचा शब्द, त्याच्याजवळ असलेली वस्तू, म्हणजे मोबाइल किंवा कार्ड, आणि त्याच्या शरीराची खूण, म्हणजे अंगठ्याचा ठसा. पुरावा तपासून माणूस तोच आहे हे ठरवणे, याला ओळख-पडताळणी किंवा प्रमाणीकरण म्हणतात. ओळख पटल्यावर त्याला काय करू द्यायचे हे ठरवणे, याला अधिकारदान म्हणतात.

या दोन क्रिया एकच समजणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. ग्रंथपाल महाविद्यालयाचा कर्मचारी आहे हे सिद्ध झाले, एवढ्यावरून त्याला फायरवॉलचे नियम बदलण्याचा अधिकार मिळत नाही. तलाठ्याची ओळख पटली म्हणून त्याला फेरफार मंजूर करता येत नाही, तसेच हे आहे.

७.२.२ स्थानिक खाते व त्याच्या मर्यादा

प्रत्येक उपकरण कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा त्यात बहुधा एक खाते आधीच असते. त्याचे नाव सर्वांना ठाऊक असते आणि परवलीचा शब्द माहितीपत्रकात छापलेला असतो. तो पहिल्याच दिवशी बदलणे आवश्यक असते. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील लाखो कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले. त्यासाठी तिला कोणतेही अवघड कुलूप फोडावे लागले नाही. कारखान्यात ठरवलेल्या नावांच्या आणि परवलीच्या शब्दांच्या साठाएक जोड्या तिच्याजवळ होत्या; त्याच ती एकामागून एक वापरून पाही.

उपकरणाच्या स्वतःच्या स्मृतीत ठेवलेल्या खात्याला स्थानिक खाते म्हणतात. एकच उपकरण आणि दोनच माणसे असतील तर ही पद्धत पुरेशी आहे. आपल्या उदाहरणात मात्र पाच उपकरणे आणि साठ कर्मचारी आहेत. प्रत्येकाचे खाते प्रत्येक ठिकाणी उघडले, तर एकूण तीनशे खाती सांभाळावी लागतील. एखाद्या लिपिकाची बदली झाली की त्याचे नाव पाच ठिकाणांहून काढावे लागेल. चार ठिकाणांहून ते काढले जाते आणि पाचव्या ठिकाणी राहून जाते. अशा विसरलेल्या खात्याकडे कोणाचेच लक्ष नसते; म्हणून त्याचा गैरवापर बराच काळ ध्यानात येत नाही.

या त्रासाला कंटाळून कार्यालये एक पळवाट काढतात. सर्वांसाठी एकच खाते ठेवले जाते आणि त्याचा परवलीचा शब्द कागदावर लिहून संगणकाच्या पडद्याला चिकटवला जातो. काम सोपे होते. परंतु कोणी काय केले हे सांगण्याची सोय त्या क्षणी नाहीशी होते.

७.२.३ निर्देशिका

या अडचणीवरचा उपाय म्हणजे सर्वांची नोंद एकाच ठिकाणी ठेवणे आणि प्रत्येक उपकरणाने तेथे विचारणा करणे. या मध्यवर्ती नोंदसंग्रहाला निर्देशिका किंवा प्रचलित भाषेत डिरेक्टरी म्हणतात. टेलिफोनच्या निर्देशिकेप्रमाणेच ती लिहिली जाते कमी वेळा आणि वाचली जाते वारंवार.

संगणकीय निर्देशिकेचे ‘एक्स.५००’ हे आंतरराष्ट्रीय मानक १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. ते सर्वसमावेशक होते, परंतु त्या काळातील लहान संगणकांना न पेलणारे होते. त्यामुळे अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात टिम होव्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची हलकी आवृत्ती तयार केली. १९९३ मध्ये ती मानक-दस्तऐवजाच्या रूपाने प्रसिद्ध झाली. ती ‘एलडॅप’ या नावाने ओळखली जाते. निर्देशिकेला प्रश्न कसा विचारावा आणि तिने उत्तर कसे द्यावे, याविषयीचा हा संकेत आहे. मायक्रोसॉफ्टने २००० मध्ये विंडोज २००० सोबत आणलेली ‘अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी’ आणि मुक्त स्रोत असलेली ‘ओपन-एलडॅप’ या दोन्ही निर्देशिका हा संकेत समजतात.

निर्देशिकेची रचना झाडासारखी असते. मुळाशी संस्था, फांद्यांवर विभाग आणि टोकाला व्यक्ती. प्रत्येक नोंदीला एक पूर्ण नाव असते आणि ते टोकाकडून मुळाकडे लिहिले जाते : अमुक व्यक्ती, ग्रंथालय विभाग, महाविद्यालय. आपण टपालाच्या पाकिटावर आधी माणसाचे नाव, मग गाव, मग तालुका माजलगाव आणि शेवटी जिल्हा बीड असे लिहितो. तोच हा क्रम. त्यामुळे एकाच नावाच्या दोन व्यक्ती वेगवेगळ्या विभागांत असल्या तरी त्यांच्या नोंदी एकमेकींत मिसळत नाहीत.

स्वयंअध्ययन प्रश्न – १
योग्य शब्द भरा.
(अ) माणूस तोच आहे हे ठरवण्याच्या क्रियेला ______ म्हणतात.
(आ) उपकरणाच्या स्वतःच्या स्मृतीतील खात्याला ______ खाते म्हणतात.
(इ) निर्देशिकेतील नोंदीचे पूर्ण नाव ______कडून मुळाकडे लिहिले जाते.

७.२.४ एका विचारणेचा प्रवास

आता ग्रंथपाल साठवण-उपकरणात प्रवेश करू पाहतात असे समजा. पडद्यावर त्या आपले खाते-नाव आणि परवलीचा शब्द लिहितात. त्यानंतर पुढील पायऱ्या काही क्षणांत पार पडतात.

पहिली पायरी : उपकरण स्वतःच्या ‘सेवा-खात्या’ने निर्देशिकेत प्रवेश करते. या सेवा-खात्याला केवळ शोध घेण्याची मुभा असावी. नोंदी बदलण्याची नसावी.

दुसरी पायरी : उपकरण त्या खाते-नावाची नोंद शोधते. निर्देशिका त्या नोंदीचे पूर्ण नाव कळवते.

तिसरी पायरी : उपकरण ते पूर्ण नाव आणि वापरकर्त्याने दिलेला परवलीचा शब्द निर्देशिकेकडे पाठवते. एलडॅपच्या परिभाषेत याला ‘बाइंड’ म्हणतात.

चौथी पायरी : निर्देशिका पडताळणी करते. निर्देशिकेत परवलीचा शब्द जसाच्या तसा ठेवलेला नसावा. त्याचे गणिती रूपांतर ठेवलेले असावे आणि त्या रूपांतरावरून मूळ शब्द सहज काढता येऊ नये. उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असे येते. नाव आणि परवलीचा शब्द जुळले नाहीत, तर एलडॅप ४९ हा उत्तर-क्रमांक पाठवते.

पाचवी पायरी : ओळख पटली असेल, तर ही व्यक्ती कोणकोणत्या गटांत आहे हे उपकरण विचारते आणि त्यानुसार तिचे अधिकार ठरवते.

मूळ नोंद निर्देशिकेतच राहते. उपकरण फक्त विचारणा करते. म्हणून ग्रंथपालांनी परवलीचा शब्द एकदा बदलला की तो पाचही उपकरणांसाठी बदलतो.

तिसऱ्या पायरीवर एक खाच आहे. नाव दिले, परंतु परवलीचा शब्द रिकामाच ठेवला तर काय होईल? एलडॅपच्या नियमांत अशा विचारणेला ‘ओळख न सांगितलेली’ विचारणा मानले जाते आणि काही निर्देशिका तिलाही यशस्वी असे उत्तर देऊ शकतात. त्या यशाचा अर्थ ‘अनोळखी म्हणून आत या’ एवढाच असतो. बेसावध उपकरण मात्र ‘ओळख पटली’ असा त्याचा अर्थ घेते. म्हणून रिकामा परवलीचा शब्द उपकरणाने पुढे पाठवूच नये आणि निर्देशिकेनेही तो नाकारावा, अशी दुहेरी व्यवस्था करावी लागते.

७.२.५ ‘होय’ कोण म्हणाले?

या पद्धतीत उपकरण दुसऱ्याच्या उत्तरावर पूर्ण विसंबून असते. ते उत्तर खऱ्या निर्देशिकेकडूनच आले कशावरून? हा प्रश्न किती गंभीर आहे, हे पुण्यातील एका घटनेवरून समजते.

१९०६ मध्ये स्थापन झालेली कॉसमॉस ही पुण्यातील नावाजलेली सहकारी बँक. ग्राहक एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा त्याला पैसे द्यावेत का, अशी विचारणा बँकेच्या मुख्य प्रणालीकडे जाते आणि तिचे उत्तर आल्यावरच यंत्र नोटा देते. ऑगस्ट २०१८ मध्ये हल्लेखोरांनी या मार्गावर एक बनावट मधली यंत्रणा उभी केली. विचारणा बँकेच्या खऱ्या प्रणालीपर्यंत पोहोचतच नव्हती. बनावट यंत्रणाच परस्पर ‘होय’ म्हणत होती. ११ ऑगस्ट रोजी बनावट कार्डांद्वारे २८ देशांतून सुमारे ७८ कोटी रुपये आणि भारतातून सुमारे अडीच कोटी रुपये काढले गेले. १३ ऑगस्ट रोजी आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळवण्यात आले. एकूण हानी सुमारे ९४ कोटींची झाली.

कॉसमॉसमधील यंत्रणा एलडॅपची नव्हती, ती कार्ड-व्यवहारांची होती. तरीही तिच्यातून मिळणारा धडा आपल्या विषयाला पूर्णपणे लागू पडतो. विचारणाऱ्याने उत्तर देणाऱ्याचीही ओळख तपासली पाहिजे.

निर्देशिकेच्या बाबतीत त्यासाठी दोन गोष्टी कराव्या लागतात. एक, उपकरण आणि निर्देशिका यांच्यातील संवाद कूटबद्ध ठेवणे. एलडॅपचा साधा संवाद ३८९ क्रमांकाच्या पोर्टवरून चालतो. तो कूटबद्ध केलेला नसेल, तर परवलीचा शब्द पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा उघडा जातो. ६३६ क्रमांकाच्या पोर्टवरील संवाद सुरुवातीपासूनच कूटबद्ध असतो. दोन, निर्देशिकेचे डिजिटल प्रमाणपत्र तपासणे. अनेक उपकरणांत ‘प्रमाणपत्र तपासू नका’ असा पर्याय असतो. जोडणी होत नाही म्हणून तंत्रज्ञ तो तात्पुरता निवडतो आणि पुढे तो तसाच राहतो. अशा वेळी पाकीट बंद असते, पण ते कोणाच्या हाती दिले याची खात्री उरत नाही.

७.२.६ गट आणि भूमिका

अधिकार व्यक्तीला न देता गटाला द्यावेत, हा खाते-व्यवस्थापनाचा मुख्य नियम आहे. महाविद्यालयाच्या निर्देशिकेत ‘अध्यापक’, ‘कार्यालय’, ‘ग्रंथालय’, ‘अभ्यासकेंद्र-विद्यार्थी’ आणि ‘जाळे-प्रशासक’ असे गट करता येतील. प्रत्येक उपकरण त्या गटांचा अर्थ आपल्यापुरता लावते. वायफाय नियंत्रक पाचही गटांना प्रवेश देतो. फायरवॉल मात्र फक्त ‘जाळे-प्रशासक’ या गटाला आत घेते. ग्रंथपालांची कार्यालयात बदली झाली, तर त्यांना एका गटातून काढून दुसऱ्यात घालणे एवढेच काम उरते.

येथे दोन पथ्ये पाळावीत. कोणालाही कामापुरताच अधिकार द्यावा. प्रशासकाने रोजच्या कामासाठी साधे खाते आणि प्रशासनासाठी वेगळे खाते वापरावे. पत्रव्यवहार करताना तिजोरीची किल्ली हातात असण्याचे कारण नाही. प्रशासनाच्या खात्याला परवलीच्या शब्दाबरोबर दुसरा पुरावाही असावा.

स्वयंअध्ययन प्रश्न – २
पुढील विधाने चूक की बरोबर ते सांगा.
(अ) संवाद कूटबद्ध असेल, तर प्रमाणपत्र तपासण्याची गरज नसते.
(आ) अधिकार शक्यतो व्यक्तीऐवजी गटाला द्यावेत.
(इ) सेवा-खात्याला निर्देशिकेतील नोंदी बदलण्याचा अधिकार द्यावा.

७.२.७ खात्याचा आरंभ, स्थगिती आणि शेवट

खाते उघडण्याची घाई सर्वांना असते. बंद करण्याची कोणालाच नसते. म्हणून खाते उघडतानाच त्याची शेवटची तारीख लिहावी. अभ्यासकेंद्राच्या विद्यार्थ्याचे खाते शैक्षणिक वर्षापुरते, तासिका तत्त्वावरील अध्यापकाचे नेमणुकीपुरते आणि बाहेरच्या तंत्रज्ञाचे त्या दिवसापुरते असावे. सेवानिवृत्ती, बदली किंवा निधन यांची सूचना आस्थापना विभागाकडून त्याच दिवशी निर्देशिका सांभाळणाऱ्याकडे जावी.

अनेक संस्थांत असा नियम असतो की नव्वद दिवस न वापरलेले खाते आपोआप बंद व्हावे. नियम योग्य आहे. परंतु तो माजलगावसारख्या ठिकाणी लागू करताना थांबून विचार केला पाहिजे. बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि गाळप हंगाम संपल्यावर परततात. अभ्यासकेंद्रातील एखादी विद्यार्थिनी चार-पाच महिने फडावर असेल, तर तिचे खाते तेवढा काळ वापरात नसणार. नियमाने ते कायमचे पुसले गेले, तर परत आल्यावर तिचे स्वाध्याय, तिच्या धारिका आणि तिची नोंदणी यांचा माग लागणार नाही. नियम करणाऱ्याच्या मनात तिला वगळण्याचा हेतू नसतो. तिचे वर्ष कसे चालते हे त्याला ठाऊक नसते, एवढेच.

म्हणून स्थगित करणे आणि पुसून टाकणे यांत भेद करावा. स्थगित खात्याने प्रवेश मिळत नाही, त्यामुळे सुरक्षेचा हेतू साधतो. नोंद मात्र कायम राहते, त्यामुळे ओळखीची खातरजमा करून खाते पुन्हा सुरू करता येते. खाते कोणी, कोणता पुरावा पाहून, किती दिवसांत सुरू करावे, हेही नियमातच लिहावे. ते लिहिले नाही, तर त्या विद्यार्थिनीला खिडकीखिडकीवर हेलपाटे घालावे लागतात.

७.२.८ नाव, आडनाव आणि देवनागरी

खाते-नाव काय असावे? माणसाचे नाव घेतले तर अडचणी येतात. एकाच वर्गात एकाच नावाच्या दोन व्यक्ती असतात. विवाहानंतर काही स्त्रियांचे नाव आणि आडनाव बदलते. रोमन लिपीत एकच मराठी नाव चार प्रकारे लिहिले जाते. म्हणून खाते-नावासाठी न बदलणारा क्रमांक घ्यावा. विद्यार्थ्यांसाठी कायम नोंदणी क्रमांक आणि कर्मचाऱ्यांसाठी सेवा क्रमांक योग्य ठरतो. नाव हा त्या नोंदीचा एक तपशील राहतो. तो बदलला तरी खाते तेच राहते.

तो तपशील देवनागरीत ठेवता येतो, ही मराठीच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. १९९७ मध्ये आलेल्या एलडॅपच्या तिसऱ्या आवृत्तीत युनिकोडचा स्वीकार झाला. तेव्हापासून मराठी नाव मराठी अक्षरांत नोंदवायला या मानकाची आडकाठी नाही.

एक बारकावा मात्र ध्यानात ठेवावा. युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे अक्षर दोन प्रकारे लिहिता येते : स्वतंत्र अक्षर म्हणून, किंवा ‘र’ आणि त्याखालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनी. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. यंत्राच्या लेखी ती भिन्न असतात. नावांची तुलना करताना निर्देशिका अशी रूपे एक करून घेऊ शकते. परवलीचा शब्द मात्र बहुधा जसा आला तसाच तपासला जातो. त्यामुळे एका कळफलकावरून दिलेला देवनागरी परवलीचा शब्द दुसऱ्या कळफलकावरून नाकारला जाण्याची शक्यता असते. तेव्हा नोंदीतील नाव देवनागरीत असावे आणि परवलीचा शब्द सर्व कळफलकांवर सारख्याच येणाऱ्या चिन्हांत असावा.

परवलीच्या शब्दाच्या लांबीला अधिक महत्त्व द्यावे. तो ठरावीक दिवसांनी सक्तीने बदलायला लावला की माणसे शेवटचा आकडा तेवढा बदलतात. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१७ मधील मार्गदर्शनात अशी सक्ती करू नये असेच सांगितले आहे. शब्द फुटल्याचा संशय आला, तर मात्र तो तत्काळ बदलावा.

७.२.९ निर्देशिका गप्प झाली तर

वीज गेली, तार तुटली किंवा सर्व्हर बंद पडला, तर उपकरणाच्या प्रश्नाला उत्तरच मिळत नाही. मग प्रशासकालाही आत जाता येत नाही आणि बिघाड दुरुस्त करण्याचा मार्गच बंद होतो. यासाठी प्रत्येक उपकरणावर एकच स्थानिक आपत्कालीन खाते ठेवावे. त्याचा लांबलचक परवलीचा शब्द मोहोरबंद पाकिटात प्राचार्यांच्या तिजोरीत असावा. पाकीट फोडल्यास तारीख, वेळ, कारण आणि फोडणाऱ्याचे नाव नोंदवहीत लिहावे आणि परवलीचा शब्द लगेच बदलावा. शक्य असल्यास निर्देशिकेची दुसरी प्रतही ठेवावी. निर्देशिका गप्प असताना उपकरणाने सर्वांनाच आत घ्यावे, अशी मांडणी मात्र कधीही करू नये.

७.२.१० नोंद कोणाच्या नावाने?

आतापर्यंतचे सारे विवेचन या शेवटच्या मुद्द्यापाशी येऊन थांबते. प्रत्येक उपकरण कोणत्या खात्याने, केव्हा, काय केले याची नोंद ठेवते. सर्व घड्याळे एकाच वेळेला लावलेली नसतील, तर दोन उपकरणांच्या नोंदींचा मेळ बसत नाही. भारतातील संगणक-सुरक्षेची राष्ट्रीय यंत्रणा असलेल्या ‘सर्ट-इन’ने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांत घड्याळे जुळवून ठेवण्यास आणि नोंदी १८० दिवस जपण्यास सांगितले आहे.

आता असे समजा, की कार्यालयातील चौघे एकच खाते वापरतात आणि एका रात्री परीक्षेच्या गुणांत फेरफार होतो. नोंदीत ते एकच नाव दिसते. चौघांपैकी तिघे निर्दोष आहेत, परंतु ते सिद्ध करण्याचे कोणतेही साधन त्यांच्याजवळ नाही. खाते ज्याच्या नावाने उघडलेले असते, त्याला पहिली नोटीस जाते. बहुधा तो सर्वांत कनिष्ठ लिपिक असतो.

स्वतंत्र खाते म्हणजे साहेबांनी ठेवलेली पाळत, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ते कर्मचाऱ्याचे संरक्षण आहे. ‘हे मी केलेले नाही’ हे वाक्य पुराव्यासह म्हणण्याची सोय त्यामुळेच होते. म्हणून वरिष्ठांनी सांगितले तरी आपला परवलीचा शब्द देऊ नये. रजेवर जाताना सहकाऱ्याला तो सांगण्याऐवजी त्याच्या स्वतःच्या खात्याला तेवढ्या दिवसांचा अधिकार मागावा. दुसऱ्याचा परवलीचा शब्द अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी नुसार गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

७.३ सारांश

ओळख पटवणे आणि अधिकार देणे या वेगळ्या क्रिया आहेत. प्रत्येक उपकरणावर स्वतंत्र खाती ठेवली, तर ती सांभाळता येत नाहीत. म्हणून ओळखीची नोंद निर्देशिकेत एकाच ठिकाणी ठेवतात आणि उपकरणे तेथे विचारणा करतात. ही विचारणा कूटबद्ध असावी आणि उत्तर देणाऱ्याचे प्रमाणपत्र तपासलेले असावे. अधिकार गटाला द्यावेत. खाते उघडतानाच त्याचा शेवट ठरवावा; दीर्घकाळ न वापरलेले खाते पुसण्याऐवजी स्थगित करावे. निर्देशिका बंद पडल्यास उपयोगी पडेल असे एक आपत्कालीन खाते जपून ठेवावे. प्रत्येक माणसाचे स्वतंत्र खाते असणे हे संस्थेइतकेच त्या माणसाच्याही हिताचे आहे.

७.४ पारिभाषिक शब्द

निर्देशिका : वापरकर्ते, गट व उपकरणे यांचा मध्यवर्ती नोंदसंग्रह.
बाइंड : निर्देशिकेपुढे ओळख सांगून ती सिद्ध करण्याची क्रिया.
सेवा-खाते : माणसासाठी नसून उपकरणाच्या वापरासाठी असलेले खाते.
कूटबद्ध : अधिकृत व्यक्तीखेरीज इतरांना वाचता येणार नाही अशा रूपात बदललेले.
स्थगित खाते : नोंद कायम ठेवून ज्याचा प्रवेश थांबवला आहे असे खाते.

७.५ स्वयंअध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) ओळख-पडताळणी किंवा प्रमाणीकरण (आ) स्थानिक (इ) टोका
प्रश्न २ : (अ) चूक (आ) बरोबर (इ) चूक

७.६ सरावासाठी स्वाध्याय

१. निर्देशिकेद्वारे होणाऱ्या ओळख-पडताळणीच्या पाच पायऱ्या स्वतःच्या शब्दांत लिहा.
२. ‘स्वतंत्र खाते हे कर्मचाऱ्याचे संरक्षण आहे.’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
३. हंगामी स्थलांतर करणाऱ्या विद्यार्थ्यांचा विचार करून, न वापरलेल्या खात्यांविषयी अभ्यासकेंद्राच्या फलकावर लावण्याची सूचना दीडशे शब्दांत तयार करा.

७.७ क्षेत्रीय कार्य

तुम्ही जेथे काम करता किंवा शिकता तेथील संगणकांवर किती खाती सामायिक आहेत याची माहिती घ्या. कोणाचाही परवलीचा शब्द विचारू नका. गेल्या वर्षी बदली झालेल्या किंवा सेवानिवृत्त झालेल्या कर्मचाऱ्यांची खाती बंद झाली आहेत का, एवढेच संबंधितांना विचारा आणि आढळलेल्या स्थितीवर कार्यालय-प्रमुखांना उद्देशून एक पानाचे टिपण लिहा.